उजव्या फांदीवरची चुकीची पाटी

१९३२च्या आधीचा, माणसाच्या ईसीजीवरचा एखादा शोधनिबंध वाचायला घेतला तर एक कसरत करावी लागते. ‘उजव्या शाखेत अडथळा’ असं छापलेलं दिसलं, की मनातल्या मनात ‘डाव्या’ म्हणायचं. ‘डाव्या’ दिसलं, की ‘उजव्या’. ही खिळे जुळवणाऱ्याची चूक नव्हे, आणि लिहिणारेही नवशिके नव्हते. त्या काळातले भले भले हृदयतज्ज्ञ वीसएक वर्षं या दोन बाजू उलट्या वाचत होते. बिघाड एका फांदीत आणि नाव दुसरीचं.

आता साध्या हेल्थ चेकअपमध्येही ‘आरबीबीबी’ ही अक्षरं मशीनच छापून देतं. राइट बंडल ब्रँच ब्लॉक. आपल्याकडे ‘ब्लॉक’ म्हटलं की अँजिओग्राफी, बलून, बायपास हीच माळ डोळ्यांपुढे येते आणि घरात फोनाफोनी सुरू होते. हा ब्लॉक रक्तवाहिनीतला नसतोच. तो हृदयाच्या वायरिंगमधला असतो. तो का होतो, या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला वेळ लागला, कारण मुळात तो कुणाला झालाय हेच ओळखता येत नव्हतं. भलत्याच घराची बेल वाजवून आतल्या माणसाची चौकशी चालली होती.

हे वायरिंग पहिल्यांदा अखंड पाहिलं ते एका जपानी माणसाने. सुनाओ तावारा १९०३ मध्ये, वयाच्या तिशीत, जर्मनीतल्या मारबुर्गला लुडविग आशॉफ यांच्याकडे शिकायला आले. आशॉफनी त्यांना दिलेलं काम वेगळंच होतं. हृदय थकून मेलेल्या माणसांच्या हृदयस्नायूत दाह सापडतो का, ते बघायचं होतं. शंभराहून जास्त हृदयं कापून झाली. त्या थकण्याचा उलगडा होईल असं काही त्यांत सापडेना. मग तावारांची नजर एका अर्धवट सोडून दिलेल्या धाग्याकडे वळली. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस (धाकटे) यांनी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरणारी स्नायूंची एक बारीक जुडी पाहिली होती. ती पुढे कुठे जाते, ते कुणी धड पाहिलं नव्हतं. त्याच्याही बऱ्याच आधी, १८३९ मध्ये, पुर्किन्ये यांना मेंढीच्या हृदयाच्या अस्तराखाली राखाडी, बुळबुळीत धागे दिसले होते. ते कशासाठी असतात, हे त्यांना उमगलं नव्हतं.

तावारांनी माणसांची आणि जनावरांची हृदयं घेतली, त्यांचे पातळ काप केले आणि ते एकामागून एक, क्रम न चुकवता, सूक्ष्मदर्शकाखाली लावत गेले. एका कापात ठिपका दिसला, की पुढच्या कापात तोच ठिपका कुठे सरकला ते पाहायचं, मग त्याच्या पुढच्या. शेकडो वेळा. यातून उभं राहिलं ते एक झाड. कर्णिका म्हणजे वरचे कप्पे आणि जवनिका म्हणजे खालचे, यांच्या सीमेवर एक गाठ, गाठीतून निघालेलं खोड म्हणजे हिसची जुडी, खोडाला दोन फांद्या, आणि फांद्यांची पार टोकाची डहाळी म्हणजे पुर्किन्येंचे ते बुळबुळीत धागे. तिघांनी तीन ठिकाणी पाहिलेलं सगळं एकाच झाडाचं निघालं. १९०६ मध्ये त्यांचं जर्मन पुस्तक आलं आणि तावारा जपानला परतले.

या झाडाच्या दोन फांद्या जुळ्या बहिणी नाहीत, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. डावी फांदी सुटल्या सुटल्या पसरते. तिला फांदीपेक्षा पंखा म्हणणं बरं. उजवी मात्र सुतळीसारखी एकेरी, बारीक आणि लांब. दोन जवनिकांमधल्या पडद्याच्या उजव्या अंगाने ती खाली उतरते. वाटेत कधी अस्तराच्या अगदी लगत असते, कधी स्नायूत शिरते, पुन्हा वर येते आणि शेवटी उजव्या जवनिकेच्या पोकळीतून आडव्या गेलेल्या एका मांसल पट्ट्यावरून पलीकडच्या भिंतीला पोहोचते. एखाद्याने ओढ्यावरच्या साकवावरून टेलिफोनची तार न्यावी, तशी. (हा पट्टा लिओनार्दो द व्हिंची यांनी तावारांच्याही चारशे वर्षं आधी चितारून ठेवला होता. त्यावरून काय जातं ते त्यांना कुठून कळणार!)

तार तुटली की काय होतं, ते व्हिएन्नातल्या हान्स एपिंगर आणि युलियुस रोटबर्गर यांनी पाहिलं. हातात नवं यंत्र होतंच. लायडनच्या आइन्थोव्हन यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिबारीक तंतू चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून हृदयाची वीज कागदावर उतरवली होती. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचं आणि तंतूची थरथर टिपायची. व्हिएन्नातल्या जोडीने १९१० मध्ये कुत्र्यांच्या हृदयातली एकेक फांदी छेदली. एरवी टोकदार आणि सडपातळ उमटणारी रेघ छेदानंतर एकदम रुंद झाली, फुगली.

कारण सोपं आहे. एरवी दोन्ही जवनिकांना हुकूम एकाच वेळी पोहोचतो. एक फांदी तुटली की त्या बाजूला वीज हमरस्त्याने जात नाही; दुसऱ्या बाजूकडून, स्नायूच्या गल्लीबोळांतून, रखडत पोहोचते. ती बाजू मागाहून पेटते. माणसाच्या ईसीजीच्या कागदावर ही रेघ तीन बारीक चौकोनांइतकी किंवा त्याहून जास्त रुंद दिसली, म्हणजे ०.१२ सेकंद किंवा वर, की आज पूर्ण ब्लॉक म्हणतात. एवढ्याने ठोका चुकत नाही, माणसाला काही जाणवतही नाही.

कुत्र्यांपुरतं सगळं बरोबर होतं. घोळ झाला तो लंडनला.

युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले टॉमस लुईस म्हणजे त्या काळी ईसीजीचा शेवटचा शब्द. १९११ मध्ये आलेलं त्यांचं हृदयाच्या ठोक्यावरचं पुस्तक जगभरचे डॉक्टर उशाशी घेऊन झोपत असावेत, इतका त्याचा दबदबा. लुईसनी कुत्र्याच्या रेघा आणि माणसाच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या. कुत्र्याच्या उजव्या फांदीला छेद दिल्यावर जी रेघ येते, तिच्या चेहऱ्यामोहऱ्याची रेघ माणसात दिसली, की तो ‘उजवा ब्लॉक’. उलट असेल तर ‘डावा’. वरवर पाहता यात काय चुकलं?

चुकली ती छाती. हातापायांना जोडलेल्या तारा हृदयाला लांबून पाहतात, आणि लांबून पाहणाऱ्याला हृदय छातीत कसं ठेवलंय यावर सगळं अवलंबून. कुत्र्याची छाती दोन्ही कुशींकडून चपटी आणि खोल. माणसाची पुढून-मागून चपटी. आतलं हृदय दोघांत वेगळ्या कलाने बसतं. कुत्र्याच्या घराचा नकाशा घेऊन माणसाच्या घरात शिरल्यावर डावीकडची खोली उजवीकडे भेटणारच.

यात एक गमतीची गोष्ट आहे. माणसांत वारंवार सापडणाऱ्या रेघेला ‘उजवा ब्लॉक’ हे नाव मिळालं. ती सापडे कुणात, तर ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला, महाधमनीची झडप बिघडलेली, डावी जवनिका जाडजूड झालेली अशा माणसांत. मार सगळा डावीकडे आणि फांदी तुटते उजवी? इथे कुणाला तरी ठेच लागायला हवी होती. पण उत्तर तयारच होतं: उजवी फांदी सुतळीसारखी बारीक, तीच आधी तुटणार. तावारांची शरीररचना चुकीच्या निष्कर्षाच्या बाजूने साक्ष देऊन गेली. मला तर वाटतं, चुकीच्या समजाला इतकं चांगलं कारण मिळालं नसतं तर तो इतका टिकलाही नसता.

शंका घेणारे होते. जॉर्ज फार यांनी लायडनला आइन्थोव्हन यांच्याबरोबर काम केलेलं, त्यामुळे विजेचा हिशोब त्यांना पक्का ठाऊक. १९२० मध्ये त्यांनी मांडलं, की माणसातल्या लाटेची दिशा पाहता ही नावं उलटी असली पाहिजेत. फारांचं म्हणणं फार कुणी मनावर घेतलं नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ओपनहायमर आणि पार्डी यांनी त्याहून ठसठशीत पुरावा आणला. दोन रुग्णांच्या शवविच्छेदनात, ईसीजीवरून जी फांदी तुटलेली मानली होती ती सोडून दुसऱ्याच फांदीत बिघाड निघाला. पण दोनच रुग्ण. आणि समोर लुईस. लुईसनी स्वतः विरोधी मत खोडून काढलं आणि गाडी होती त्याच रुळावर चालत राहिली.

रूळ बदलला तो अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख फ्रँक विल्सन. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्लंडमधल्या कोलचेस्टरच्या लष्करी हृदय-रुग्णालयात लुईस यांच्याच हाताखाली काम केलं होतं. पक्षी निरखायचा नाद असलेला, शांत माणूस. १९२० मध्ये सहकारी हरमन यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनीही लुईस यांचीच नावं वापरली होती.

१९३० मध्ये या प्रयोगशाळेला एक अवघड संधी मिळाली. शस्त्रक्रियेसाठी हृदयाभोवतीचं आवरण उघडावं लागलेला एक जिवंत रुग्ण. शल्यविशारद होते जॉन अलेक्झांडर, फुप्फुसाच्या क्षयावरच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव; त्यांनी स्वतःही क्षय भोगलेला. त्यांच्यासोबत विल्सनचे सहकारी बार्कर आणि मॅक्लाउड. उघड्या, धडधडणाऱ्या हृदयाच्या पृष्ठभागावर एकेका जागी विजेचा हलका झटका द्यायचा, त्यातून एक जादा ठोका उठवायचा आणि त्या ठोक्याची रेघ हातापायांच्या तारांवर टिपायची, एवढंच काम. पण हे हृदय माणसाचं होतं आणि माणसाच्याच छातीत होतं.

उजव्या जवनिकेला झटका दिला, तर लाट उजवीकडे सुरू होते आणि डावी बाजू मागाहून पेटते. म्हणजे ती रेघ डाव्या ब्लॉकसारखी दिसायला हवी. प्रत्यक्षात उमटली ती पुस्तकांत ‘उजवा ब्लॉक’ म्हणून छापली जाणारी रेघ. डाव्या जवनिकेला झटका दिल्यावर पुस्तकातला ‘डावा’ ब्लॉक. पाट्या उलट्या लावल्या होत्या, यात संशय उरला नाही. १९३२ मध्ये विल्सन, मॅक्लाउड आणि बार्कर यांनी छातीवर तारा ठेवून, कुठली बाजू आधी पेटते ते दाखवलं आणि प्रकरण मिटवलं. विल्सन यांना आपल्याच जुन्या निबंधातली नावं मोडावी लागली. लुईस तोवर ईसीजी सोडून कातडीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात शिरले होते.

व्हिएन्नातल्या त्या जोडीचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला आणि रोटबर्गर यांना वंशाच्या कारणावरून विद्यापीठातून काढण्यात आलं. एपिंगर मात्र नाझींच्या बाजूला राहिले. डाखाऊच्या छळछावणीत १९४४ मध्ये कैद्यांना समुद्राचं पाणी पाजून जे प्रयोग झाले, त्यांत त्यांचा हात होता. न्युरेंबर्गच्या खटल्यात जबाब द्यायची वेळ आली तेव्हा, सप्टेंबर १९४६ मध्ये, त्यांनी विष घेतलं. एकाच टेबलाशी उभं राहून एकच फांदी छेदणारे दोन हात.

पाटी सरळ झाल्यावर दोन गोष्टी घडल्या. ज्याला आजवर ‘उजवा’ म्हणत होते तो डावा ठरला, आणि रक्तदाब, झडपा, डाव्या बाजूचा मार हे सगळं जिथलं तिथे जाऊन बसलं. आणि खरा उजवा ब्लॉक पहिल्यांदा स्वतःच्या नावाने दिसू लागला. तो आजवर नजरेतून निसटत होता, कारण हातापायांच्या तारांवर तो फार गाजावाजा करत नाही. पहिल्या तारेवर शेवटी एक रुंद, आळशी घसरण, बस. १९३४ मध्ये विल्सन आणि मंडळींनी हीच घसरण म्हणजे उजवा ब्लॉक, असं सिद्ध केलं. छातीवरच्या ताराही त्यांच्याच प्रयोगशाळेतून आल्या. १९३८ मध्ये त्यांच्या जागा अमेरिका आणि ब्रिटनने मिळून ठरवल्या. आजही टेक्निशियन उरोस्थीच्या उजव्या कडेला, चौथ्या फासळीखालच्या फटीत बोट फिरवून पहिला चकतीसारखा इलेक्ट्रोड चिकटवतो, ती जागा ‘व्ही-१’. तिथून उजवी जवनिका अगदी जवळ. उजवा ब्लॉक असेल तर तिथे दोन शेंडे उमटतात, सशाच्या कानांसारखे. दुसरा कान बहुधा उंच. आपल्याकडचे एमबीबीएसचे विद्यार्थी यासाठी ‘विल्यम’ आणि ‘मॅरो’ ही इंग्रजी नावं घोकतात, कारण डाव्या-उजव्याचा गोंधळ परीक्षेत अजूनही होतोच.

मग कारणं एकेक करून आपल्या घरी आली. उजव्या जवनिकेवर ज्याचा भार पडतो, ते या फांदीला ताणतं. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, की उजवी जवनिका तासाभरात फुगते आणि आदल्या दिवशी नसलेला उजवा ब्लॉक ईसीजीवर उभा राहतो. फुप्फुसाचा जुनाट आजार हेच काम वर्षानुवर्षं करतो. कर्णिकांमधल्या पडद्याला जन्मजात छिद्र असेल तर उजवीकडे जास्तीचं रक्त येत राहतं. अशा मुलात सशाचे कान दिसले की डॉक्टर स्टेथोस्कोप पुन्हा छातीला लावतात. या फांदीचा वरचा भाग डाव्या पुढच्या धमनीच्या पडद्यात शिरणाऱ्या उपशाखांवर जगतो. त्यामुळे हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा झटका आला आणि सोबत नवा उजवा ब्लॉक दिसला, तर बिघाड वरच्या अंगाला आणि मोठा आहे, असं समजून सगळे हालचाल करतात.

दक्षिण अमेरिकेत कारण भिंतींच्या भेगांत राहत होतं. ब्राझीलच्या कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये, मातीच्या घरांतून निघून रात्री झोपलेल्या माणसाला चावणाऱ्या ढेकणासारख्या किड्यातून पसरणारा परजीवी शोधला. तो वर्षानुवर्षं हृदयात मुक्काम करतो आणि वायरिंग कुरतडतो. या रोगाची ईसीजीवरची ओळखीची खूण म्हणजे उजवा ब्लॉक, बऱ्याचदा डाव्या पंख्याच्या पुढच्या पाकळीच्या बिघाडासकट.

काही ब्लॉक तर डॉक्टरांच्या हातून आले. मिनिआपोलिसमध्ये १९५४ मध्ये लिलेहाय यांनी ‘निळ्या’ बाळांचं हृदय आतून दुरुस्त करायला सुरुवात केली, तेव्हा वाट उजव्या जवनिकेची भिंत कापून जात होती. मूल गुलाबी झालं, घरी गेलं, आणि ईसीजीवर जन्मभराचा उजवा ब्लॉक घेऊन गेलं तरी कुणी तक्रार केली नाही. पॅरिसचे लनेग्र आणि शिकागोचे मॉरिस लेव्ह यांनी १९६४च्या सुमारास आणखी एक कारण दाखवलं. वय वाढलं की हे धागे झिजतात, त्यांच्या जागी चिवट तंतू येतात किंवा शेजारचा सांगाडा कडक होऊन त्यांना आवळतो. दुसरा कुठलाही रोग नसताना.

आणि पुष्कळांना तर कारणच सापडत नाही. अमेरिकी हवाई दलाने ६७,३७५ धडधाकट माणसांचे ईसीजी तपासले; १९६० मध्ये त्यावरचे निबंध आले. उडायला पात्र ठरलेल्या त्या जवानांतही उजवा ब्लॉक निघाला. तिथून पुढे डॉक्टर ‘काही नाही, जन्मजात असेल’ असं निर्धास्तपणे म्हणू लागले. तेही सरसकट खरं नाही. फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ माणसांवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासात अठरा वर्षांत ७० जणांना नव्याने उजवा ब्लॉक झाला, आणि त्यांच्यात रक्तदाब आणि हृदयविकार इतरांपेक्षा जास्त आढळला. तरुणपणापासून असलेला ब्लॉक वेगळा आणि पन्नाशीनंतर नवा आलेला वेगळा. म्हणून जुना ईसीजी रद्दीत घालू नये, एवढं मी घरच्यांना बजावत असतो.

पाटीचा घोळ एकदाच झाला असंही नाही. १९९२ मध्ये पेद्रो आणि जोसेप ब्रुगादा या भावांनी अचानक हृदय थांबलेल्या आठ रुग्णांचा अभ्यास छापला. व्ही-१ वर त्यांना उंचावलेली, सशाच्या कानाची आठवण करून देणारी रेघ दिसली आणि निबंधाच्या शीर्षकातच ‘उजवा ब्लॉक’ आला. पुढे कळलं, की बहुतेकांची उजवी फांदी शाबूत असते. दोष पेशींतल्या सोडियमच्या दारांत, आणि काही घराण्यांत तो जनुकातून येतो. या वेळी पाटी बदलायला बावीस वर्षं लागली नाहीत.

आयसीयूत अत्यवस्थ रुग्णाच्या मानेच्या शिरेतून कधी एक लांब नळी हृदयात सोडतात. १९७० मध्ये स्वान आणि गँझ यांनी टोकाला फुगा लावलेली जी नळी आणली, तीच. ती उजव्या जवनिकेतून वळण घेताना तिचं टोक पडद्यावरच्या त्या सुतळीला नुसतं घासलं, तरी मॉनिटरवरची रेघ त्याच क्षणी रुंद होते. उजवा ब्लॉक. नर्सचं आधी लक्ष जातं. बहुतेक वेळा थोड्या वेळात फांदी शुद्धीवर येते आणि रेघ पुन्हा बारीक होते. पण त्या रुग्णाला डावा ब्लॉक आधीपासून असेल, तर उजवीला धक्का लागताच दोन्ही फांद्या बंद पडतात, खाली हुकूम पोहोचत नाही आणि हृदय तिथल्या तिथे थबकू शकतं. म्हणून नळीचं पाकीट फोडण्याआधी डॉक्टर फाइल उलटून जुना ईसीजी शोधतात, रुंद रेघ डावी आहे की उजवी ते पाहतात, आणि डावी असेल तर पेसमेकरची तयारी आधी करायला सांगतात.